कोजागिरीच्या फोटोतला गोल

बाबा, परवाच्या कोजागिरीला तुमची कॅमेऱ्याची तिवई मी पुन्हा गच्चीवर नेली. तिचा एक पाय आता घसरतो, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली आहे, पण एकदा उभी केली की ती अजून हूं की चूं करत नाही. माझी लेक, तुमची नात, मला सारखी सांगत असते, नवी घे, आजकाल इतक्या हलक्या येतात की एका बोटावर उचलाव्या. अर्थात हे ती हिंदीत सांगते. मराठी तिला सगळी समजते, तिच्याबद्दल कोण काय बोललं ते तर फारच चांगलं समजतं, पण तोंडातून उत्तर येईल ते हिंदीतच. मी तिला म्हटलं, हलकी तिवई वाऱ्यानं थरथरते आणि अख्खा फोटो वाया जातो. तिला ते पटलं नाही. पण वाद घालायला तिला मराठी सुचत नाही आणि मला हिंदीत हरायला आवडत नाही, म्हणून तो विषय आमच्यात कायमचा पडून आहे.

ही तिवई तुम्ही माझ्या रुखवतात मांडली होती, ते आठवलं की मी आजही एकटी हसते. दुसऱ्यांच्या पोरींच्या रुखवतात साखरेची तुळस, लोकरीचे ससे, रंगीत पापड. माझ्या रुखवतात लाडवांच्या परातीमागं तीन पायांवर उभं हे काळं धूड, आणि त्याच्या गळ्यात तुम्ही हौसेनं बांधलेली लाल फीत. आईनं झाकायला वरून शाल टाकली, तर ते आणखीच भलतं दिसायला लागलं, कुणी पाहुणा थंडी वाजून कोपऱ्यात उभा असावा तसं. सासरच्या एका काकूंनी विचारलं, यावर कुरडया वाळवायच्या का. माझ्या सासऱ्यांना ते जमीन मोजायचं यंत्र वाटलं, आणि ते बिचारे मनातल्या मनात खूश झाले असावेत की सुनेच्या नावावर कुठंतरी जमीन आहे. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर देत होता, की पोट्टीले अंधारातले फोटो काढता येते. पाहुणे पांगल्यावर आईनं तुम्हाला जे धारेवर धरलं ते मी आतल्या खोलीतून ऐकलं. तुम्ही म्हणालात, हौसेला मोल नसते. ती म्हणाली, मोल नसते हे कबूल, पण वेळकाळ असते की नाही. यावर तुमचा आवाज आला नाही, म्हणजे तुम्ही मिशीवरून हात फिरवत बसला असणार.

तिवई येण्याआधी आपलं सगळं काम स्टुलावर चालायचं. रायपूरला गुढियारीतलं ते रेल्वेलाइनीला लागून असलेलं घर, मागच्या लोखंडी जिन्यानं वर जायची गच्ची, आणि खाली मालधक्क्यावर हमालांची हाकाहाक. गच्चीवर आईचं स्वयंपाकघरातलं स्टूल, स्टुलावर तांदळाची छोटी थैली, आणि थैलीत खळगा करून बसवलेला तुमचा कॅमेरा. तांदळात कॅमेरा बसतो मात्र झकास, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण एकदा थैलीची शिवण उसवली आणि थोड्या दिवसांनी कॅमेऱ्याचं बटण अडकायला लागलं. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला आणि आतून दुबराज तांदळाचा एक दाणा काढून तुमच्या तळहातावर ठेवला. तुम्ही तो दाणा घरी आणून आईला कौतुकानं दाखवलात, काय बुद्धी झाली कोण जाणे. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि तुम्हाला नाही, मला रागावली. बाप येडा हाय हे साऱ्या पारा-मोहल्ल्याला माहीत आहे, पण तू तर शाळेत जाऊन राहिली ना, अन्नावर काय ठेवाव अन् काय नाही हे तुले समजू नये? त्या दिवसापासून तांदूळ बंद झाले आणि आपण रेतीच्या थैलीवर आलो.

तुम्ही मालगाडीचे गार्ड. रात्रीच्या ड्यूटीत हातात ती लाल-हिरवी बत्ती, आणि गाडी यार्डात अडकून पडली की खांद्यावरच्या झोळीतून निघणारा कॅमेरा. अंधारात फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, हे मला तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. तेवढ्या वेळात जे थांबून राहतं ते उमटतं, जे हलतं ते पुसलं जातं, आणि दिवा हलला तर त्याची रेघ होते. एकदा तुम्ही यार्डातला एक फोटो धुवून आणलात. रूळ स्पष्ट, डबे स्पष्ट, आणि मधोमध हवेत एक हिरवा गोल. बत्ती फिरवणारा माणूस दिसतच नव्हता. दादा घाबरला, मी तर रडलेच. आईनं फोटो हातात घेतला, कंदिलाजवळ नेला आणि म्हणाली, हे तर कोणीतरी ओवाळून राहिलं. तुम्ही तिच्याकडं असं पाहिलंत की तिनं पदर सावरला. तिथून सगळं सुरू झालं.

कोजागिरीला आपल्याकडं आश्विनी करतात, म्हणजे घरातल्या सगळ्यात मोठ्या लेकराला आई ओवाळते. आपल्या घरात मोठा दादा. गच्चीवर चांदणं, एका कोपऱ्यात आटलेल्या दुधाचं पातेलं, मध्ये पाट, पाटावर टोपी घालून बसलेला दादा, आणि समोर आई निरांजन घेऊन. तुम्ही कॅमेरा लावायचात. फ्लॅश नाही, गच्चीवरचा बल्ब काढून खिशात. कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा ठेवायचा ते घड्याळात पाहणार कसं, अंधारात घड्याळ दिसत नाही, आणि बॅटरी लावली तर चांदणं मेलं. म्हणून तुम्ही पाढा म्हणायचात, आणि तोही एकोणतीसचा. मी विचारलं होतं, बे चा काहून नाही. तर तुमचं म्हणणं असं, की बे चा पाढा कोणीही घाईत म्हणून टाकते, एकोणतीसच्या पाढ्यात माणसाला थांबूनच जावं लागते. दादा म्हणायचा, बाबांना स्वतःला येत नाही म्हणून वेळ लागते. तो पाटावर दगडासारखा बसायचा हे मात्र खरं. नाकावर डास बसला तरी हलला नाही एका वर्षी, आणि फोटोत डास आला नाही पण नाक लाल आलं.

फोटो धुवून आले की मजा. आई त्यात नसायचीच, जरा धुरकट काहीतरी एका बाजूला. पण दादाच्या चेहऱ्याभोवती सोनेरी गोल, एकावर एक फेरे पडून रुंद झालेला, कंपास घेऊन काढावा तसा. दरवर्षीचा एक फोटो, दादा वाढतो आहे, त्याला मिशी फुटते आहे, आणि गोल तसाच्या तसा. तुम्ही ते अल्बममध्ये लावायचात आणि पाहुणे आले की चहाआधी अल्बम. बाई, किती पाहुण्यांचे चहा गार झाले त्यात!

आणि मी? मी धाकटी. मला कोण ओवाळणार. एका कोजागिरीला मी नवा परकर घालून, वेणीला फूल लावून दादाच्या आधीच जाऊन पाटावर बसले होते. आई म्हणाली उठ गं, तुही नाही आज, त्याची हाय. मी उठले, पण जिन्यात जाऊन बसले आणि दूध नको म्हणून सांगितलं. तुम्ही आलात. मी विचारलं, मले काहून नाही? तुम्ही आधी शास्त्र सांगून पाहिलंत, मोठ्याचा मान वगैरे, ते तुमचं तुम्हालाच पटत नव्हतं हे मला कळलं. मग तुम्ही मला वर नेलंत, आणि कॅमेऱ्याला लावायची ती तार, जिचं टोक दाबलं की डोळा उघडतो आणि सोडलं की मिटतो, ती माझ्या हातात दिलीत. मला म्हणालात, "तुह्या दादाले आई ओवाळते, पण ते ओवाळणं दिसते कोणामुळं? आजपासून तुह्यामुळं." त्या दिवसापासून तार माझ्या हाती राहिली. तुम्ही पाढा म्हणायचात, दाहे दोनशे नव्वद झाले की मी अंगठा उचलायची. मी सगळ्यांना सांगत फिरले, की मला बसण्यापेक्षा हेच आवडतं. शाळेतही सांगितलं. पुढं सासरीही सांगितलं.

तुम्ही गेलात त्यालाही आता बराच काळ झाला. कोजागिरी मात्र थांबली नाही. दादा पुण्याहून यायचा, आई ओवाळायची, मी फोटो काढायची, आणि तुमच्या जागी पाढाही मीच म्हणायची, कारण घरात तसंच चालत आलं होतं. आधी रोलवर, मग डिजिटलवर. बँकेतून निवृत्त झाले आणि मग तर मोकाट सुटले. आता आम्ही तेलीबांध्याला राहतो, आईही आमच्याकडंच, खाली उतरलं की तलाव. तुम्ही पाहिला तो तलाव विसरा. आता चारी बाजूंनी दिवे, फिरायला रस्ता, खायच्या गाड्या, आणि पलीकडं नवा रायपूरकडं जाणाऱ्या मोटारींची रांग. दिवे लागले की मी तिवई घेऊन जाते. डोळा उघडा ठेवला की मोटारी गायब होतात आणि त्यांच्या दिव्यांच्या लाल-पिवळ्या दोऱ्या तेवढ्या राहतात. पाणी तर सायीसारखं गुळगुळीत होतं. एकदा तिवई लावून उभी होते तर चाटवाला काम सोडून आला. "दीदी, सर्वे चल रहा है क्या? ठेला हटेगा?" मी म्हटलं नाही रे भैया, फोटो काढून राहिले. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं मला पाणीपुरी, म्हणजे इथले गुपचुप, फुकट खाऊ घातले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्यानंही. माझ्या सासऱ्यांची आठवण आली. ही तिवई जिथं उभी करावी तिथं लोकांना जमीनच दिसते.

आता आईचं सांगते, कारण त्यासाठीच लिहायला बसले आहे. मागच्या कोजागिरीला तिनं निरांजन उचललं आणि तिचा हात थरथरला. नुसता नाही, चांगलाच. तूप दादाच्या नव्या सदऱ्यावर सांडलं, वात विझली. दादानं हसण्यावारी नेलं, म्हणाला आई, सदरा तसाही तुझ्या सुनेच्या पसंतीचा होता. आई हसली नाही. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले हा वयाचा कंप आहे, जिवाला काही धोका नाही. पण जिवाची काळजी तिला होती कधी? हाताची होती. त्या हातानं तिनं आरपार दिसेल अशा पुरणपोळ्या लाटल्या, उंबऱ्यावर सरळ रेघा ओढल्या, सगळ्या पाऱ्यातल्या पोट्ट्यांना काजळ घातलं. तेव्हापासून तो उजवा हात पदराखाली. पाहुण्यांसमोर चहा पीत नाही, म्हणते आत्ताच झाला. रांगोळी बंद. देवापुढची वात नातीकडून लावून घेते, आणि वर आम्हाला ऐकवते की पोट्टीले सवय पाहिजे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं तिचं. मला दिसत होतं की ती एकेक गोष्ट गुपचूप सोडून देते आहे. उद्या चमचा सोडेल, परवा फणी. मला भीती वाटून राहिली होती, खरं सांगते. यंदाच्या कोजागिरीला तिनं एकदा निरांजन हाती धरावं, एवढं एकच मला हवं होतं.

नवरात्रात मी हळूच विषय काढला. म्हटलं, दोन्ही हातांनी धर, ताटाखाली माझा हात राहील. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, भाजीच निवडत राहिली. मग म्हणाली, "अन् तुह्या त्या कॅमेऱ्यापुढं तर मुळीच नाही. त्याले सारं दिसते." बरोबरच होतं तिचं. गार्डची बायको ती, इतकी वर्षं हे फोटो पाहते आहे. मोबाइलवर झटकन फोटो काढला तर कुणाला काही कळणार नाही, पण आपल्या फोटोत हात जसा जाईल तशी रेघ पडणार. जेवढा थरथरेल तेवढं कागदावर येणार. मी विचार केला की यंदा कॅमेराच नको. पण मग तिलाच वाटलं असतं की मी तिच्यासाठी लपवते आहे, आणि ते तिला अजिबात खपलं नसतं.

त्यात दादाचा फोन आला. तो आजोबा झाला, बाबा! म्हणजे तुम्ही पणजोबा. त्याच्या लेकीचं बाळंतपण बंगलोरला, तो आणि वहिनी तिकडं, कोजागिरीला येणं शक्य नाही. बातमी इतकी चांगली की आम्ही सोसायटीत पेढे वाटले, आणि आईनं पेढा तोंडात असतानाच जाहीर करून टाकलं की मोठाच नाही तर आश्विनी कोणाची, विषय संपला. तिचा चेहरा इतका सुटल्यासारखा झाला की मला वाईट वाटलं. तुमची नात म्हणाली, मामाला व्हिडिओ कॉल करू, पाटावर फोन ठेवू. आई म्हणाली, "फोनले ओवाळू का मी आता?" आणि यावर आम्ही तिघी इतक्या हसलो की विषय खरोखरच संपल्यासारखा वाटला.

कोजागिरीला तरी वर गेलोच. आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्या संध्याकाळी बरीच गर्दी असते. इथल्या लोकांची शरद पौर्णिमा, ते खिरीची भांडी जाळी घालून चांदण्यात ठेवतात आणि खाली निघून जातात. तुमचे जावई दूध आटवत बसले होते, त्यांना दुसरं कशातलं काही विचारायचं नाही असा त्यांचा चेहरा. चौकीदाराला सांगून मी गच्चीवरचे दिवे बंद करवले. आईला खुर्ची दिली. तिवई लावली आणि म्हटलं, चंद्राचा आणि दुधाचा फोटो काढते. पण पाट मी नेला होता, आणि ताम्हनही, त्यात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं. मांडून ठेवलं आणि तिवईचा पाय घट्ट करत बसले. आईनं ते पाहिलं आणि पदर आणखी ओढून घेतला.

कॅमेऱ्यामागं मी नातीला उभं केलं, म्हटलं शिकून घे. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मम्मी, अँधेरे में फोकस किस पे करूँ? कोई तो बैठो वहाँ." म्हणून मी बसले. देवाशपथ बाबा, फोकससाठीच बसले. तिनं मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर पाडला, कॅमेऱ्याची खुंटी फिरवली, उजेड विझवला. मी उठणार तेवढ्यात आई खुर्चीतून पुढं सरकली. तिला माझ्याकडं पाहताना मी पाहत होते. चांदणं भरपूर होतं. ती म्हणाली, तुहं कपाळ मोकळं काहून हाय? आणि उजवा हात पदराखालून काढून कुंकवात बोट बुडवलं. बोट माझ्या कपाळापर्यंत येताना इकडंतिकडं गेलं, कुंकू जरा भुवईवर लागलं. मग अक्षता. आता ती मागं टेकेल असं वाटलं. तिनं नातीला निरांजन लावायला सांगितलं आणि ताम्हन उचललं, एका हातानं.

नातीनं कॅमेऱ्याचा डोळा उघडला. कॅमेऱ्यावर सेकंद आपोआप मोजले जातात, आता पाढ्याची गरज उरलेली नाही, ती मी फक्त सवयीनं म्हणते. आई ताम्हन धरून तशीच थांबली होती. ज्योत नाचत होती, हात पुढं जात नव्हता. मला वाटलं, नाही जमत आहे, आता मी उठून तिचा हात धरावा. मी विचारलं, आई, राहू देऊ का? ती चिडली. "पाढा कोण म्हणन?" तेव्हा मला कळलं, इतक्या वर्षांनी. ती पाढ्यावर ओवाळायची. पाढ्याच्या एका पायरीला एक फेरा. तुमच्या त्या अडखळत्या एकोणतीसवर तिचा हात चालायचा, म्हणून तो गोल दरवर्षी तसाच्या तसा यायचा. आम्ही अल्बम दाखवत फिरलो आणि आम्हाला वाटलं ते सगळं कॅमेऱ्याचं.

मी सुरू केलं. एकोणतीस एके एकोणतीस. हात निघाला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. थरथर होतीच, ती काही गेली नाही, ताम्हनातली सुपारी टकटक वाजत होती. पण हात थांबत नव्हता. त्रिक सत्त्याऐंशी. चोकं सोळाशे, नाही, एकशे सोळा, आणि आई हसली, म्हणाली, बापावर गेली. आणि मग हात फिरतच होता तेव्हा ती एकदम साध्या आवाजात म्हणाली, "तुले कधी ओवाळलंच नाही ना मी. लहानी होती म्हणून राहूनच गेलं."

त्यानंतर मला पाढा आठवला नाही. पाचाला काय येतं ते डोक्यातून गेलंच. आईचा हात हवेत अडखळला. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून तुमची नात म्हणाली, "उनतीस पंचे एक सौ पैंतालीस." तिला काही पाढा येत नाही हो, ती जागच्या जागी हिशेब करत होती, पुटपुटत आकडे जुळवत. उनतीस छक्के म्हणून इतका वेळ थांबली की आई अर्ध्या फेऱ्यावर वाट पाहत राहिली. पण गाडी दोनशे नव्वदपर्यंत पोचवली पोरीनं. वात विझली नाही. थोडं तूप माझ्या साडीवर पडलं, तो डाग मी अजून धुतला नाही.

फोटो मी सकाळी आईला दाखवला. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. मोठ्या पडद्यावर लावला. गोल आहे, पण कंपासनं काढल्यासारखा नाही. सगळा काठ बारीक बारीक लाटांचा, कुठं रुंद, कुठं दाट, आणि एका ठिकाणी, छक्क्याला थांबली तिथं, एक टपोरा ठिपका. आईनं चष्मा लावला, पुसला, परत लावला. मग म्हणाली, "तुह्या बाबाच्या वक्ताले साधाच यायचा. यंदा झालर लागली." आणि चहा मागितला. तुमचे जावई समोर बसलेले असताना तिनं उजव्या हातानं कप उचलला. चहा बशीत हिंदकळला, तो तिनं बशीनं पिऊन टाकला आणि वर बिस्किटं मागितली. आज सकाळी उंबऱ्यावर रांगोळीही आहे. रेघ वाकडी आहे, पण ती कुणी पाहावी म्हणून दार तिनं उघडंच ठेवलं आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या फोटोत बाकी सगळं ठीक आलं आहे, फक्त पाटावरच्या माणसाचा चेहरा हलला आहे. ओला चेहरा पदरानं पुसला की हलणारच. नाक, डोळे, काही ओळखू येत नाही, नुसतं कुंकू दिसतं, तेही लांबलेलं. नातीनं तो फोटो मला न विचारता घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच दादाचा फोन. तो खूश, आईनं ओवाळलं म्हणून. मग म्हणाला, पण माझ्या पाटावर बसलं कोण? मी म्हटलं, दूध उतू चाललं, नंतर बोलते. सकाळी दहा वाजता कसलं दूध, बाबा. तो चिडणार नाही, मला माहीत आहे, उलट हसेल. तरी अजून मी त्याला उत्तर दिलेलं नाही, आणि तुम्हाला लिहिते आहे, कारण हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही आणि तुम्ही ते वाचून मिशीवरून हात फिरवणार नाही. तुम्ही जिन्यातून वर नेऊन माझ्या हाती ती तार दिलीत, आणि मी जन्मभर सगळ्यांना सांगितलं की मला हेच आवडतं. आवडत होतंच. पण मले पाटावर बसायचं होतं, बाबा.